आमच्या दप्तरातले परके रुमाल

संगणकावर लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाला यंत्राने एक जागा नेमून दिलेली असते. विंडोजमध्ये तिला 'डॉक्युमेंट्स' म्हणतात, मराठी रूपात 'दस्तऐवज'. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणाल्यांत तिचे नाव नुसतेच 'होम', म्हणजे घर, असे आहे. करार साधा आहे. यंत्राचा बाकी सारा विस्तार प्रणालीचा आणि प्रोग्रामांचा. हा एवढा कोपरा वापरणाऱ्याचा. प्रबंधाची प्रकरणे, अर्धवट राहिलेली परीक्षणे, कोणालाही न दाखवलेल्या कविता, वर्गात सांगायच्या टिपणांचे खर्डे, हे सारे इथे ठेवायचे. आमचे म्हणणे असे आहे की हा करार गेली कित्येक वर्षे सातत्याने मोडला जातो आहे, मोडणाऱ्यांना त्याची फारशी खंत नाही, आणि कागद जपणे व वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी 'ही तांत्रिक बाब आहे' असे म्हणून या गोष्टीकडे पाठ फिरवू नये.

आधी वस्तुस्थिती पाहू. काही वर्षे वापरात असलेल्या कोणत्याही विंडोज संगणकावरचा 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर उघडावा. २०१३ नंतरचे ऑफिस असेल तर त्यात 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' नावाचा फोल्डर दिसण्याची शक्यता मोठी. बहुतेकांच्या बाबतीत तो रिकामाच असतो. आउटलुक वापरले असेल तर 'आउटलुक फाइल्स'. झूमवर एखादे व्याख्यान मुद्रित केले असेल तर 'झूम'. घरातल्या मुलाने एखादा खेळ बसवला असेल तर 'माय गेम्स'. कोणी प्रोग्रामिंग शिकत असेल तर 'व्हिज्युअल स्टुडिओ' आणि त्यापुढे सालाचा आकडा. पुढच्या आवृत्तीचा फोल्डर वेगळा, जुना तसाच. यांच्यामध्ये, वर्णानुक्रमाने जिथे जागा मिळेल तिथे, 'प्रकरण ३ सुधारित' आणि 'ग्रामीण कादंबरी टिपणे' अंग चोरून बसलेली दिसतात. शिवाय अदृश्य फाइलींचा एक थर असतो. विंडोज एक्सपीच्या काळी चित्रे असलेल्या प्रत्येक फोल्डरात 'थम्ब्ज' नावाची फाइल आपोआप उगवत असे. मॅकवरचा फाइंडर आजही उघडलेल्या फोल्डरांत 'डीएस-स्टोअर' नावाची फाइल ठेवून जातो, आणि मॅकवर बांधलेले गाठोडे विंडोजवर सोडले की त्यातून 'मॅकओएसएक्स' नावाचा एक जास्तीचा फोल्डर बाहेर पडतो. वर्ड एखादी फाइल उघडताना तिच्या शेजारीच एक छोटी लपलेली फाइल करतो. तिच्या नावात मूळ नावाची पहिली दोन अक्षरे जाऊन तिथे लाटेचे आणि डॉलरचे चिन्ह आलेले असते. संगणक मध्येच बंद पडला की ती तशीच मागे राहते, आणि सहा महिन्यांनी अभ्यासक तिच्याकडे पाहून विचारात पडतो की आपल्या लेखाचे हे शीर तुटलेले भावंड कोण.

यांपैकी एकही गोष्ट एकटी पाहिली तर क्षुल्लक आहे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे ओसरी कोणी दिलेलीही नसते आणि पाय पसरणारे एकटे नसून वीस-पंचवीस असतात. प्रत्येकजण म्हणतो, माझे एकच तर गाठोडे आहे. गंमत अशी की प्रत्येकाचे म्हणणे खरेही असते.

या जागेच्या नावाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो, कारण तो आपल्या अभ्यासाचा विषय आहे. विंडोज ९८ मध्ये पडद्यावर 'माय डॉक्युमेंट्स' दिसू लागले. २००१ च्या विंडोज एक्सपीत त्याच्या जोडीला 'माय पिक्चर्स', 'माय म्युझिक', 'माय कॉम्प्युटर' अशी प्रथमपुरुषी नावांची रांगच उभी राहिली. यंत्रावर 'माझे' असे लिहिलेले असले तर तो 'मी' कोण? रोमान याकबसनने १९५७ मध्ये ज्यांना 'शिफ्टर' म्हटले त्या शब्दांपैकी हा एक आहे. बोलणारा बदलला की त्याचा अर्थ बदलतो. एक्सपीच्या रचनाकारांना हा पेच प्रत्यक्ष सोडवावा लागला. एकाच यंत्रावर दोन माणसांची खाती असतील तर दुसऱ्याचा फोल्डर पाहताना तिथे 'माय' चालणार नव्हते. म्हणून त्या ठिकाणी 'अमुकचे डॉक्युमेंट्स' असे नाव दाखवले जाई. म्हणजे सर्वनाम मालकाच्या बाजूने वाचायचे, यंत्राच्या बाजूने नव्हे, हे तेव्हा तरी स्पष्ट होते. २००७ च्या आरंभी सामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने 'माय' काढून टाकले. पण खेळ बनवणाऱ्यांनी 'माय गेम्स' हे नाव पुढेही चालू ठेवले. ज्या फोल्डरचे नाव आपण ठेवले नाही, जो आपण निर्माण केला नाही, ज्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर 'माझे' अशी पाटी. कथनशास्त्राच्या वर्गात अविश्वसनीय निवेदकाचे उदाहरण हवे असेल तर ते शोधायला लांब जायला नको.

हे असे का झाले, याचा इतिहास बोधप्रद आहे. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास युनिक्स आकाराला येत होती तेव्हा माणसांची घरे 'यूएसआर' नावाच्या विभागात असत. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्याही फाइली तिथेच. त्या काळच्या तबकड्यांची क्षमता आजच्या मानाने हास्यास्पद होती. प्रणालीचे प्रोग्राम पहिल्या तबकडीवर मावेनात, तेव्हा ते माणसांच्या तबकडीवर सांडले. पुढे माणसांनाच तिथून बाहेर पडावे लागले. आज लिनक्सवर 'यूएसआर' हा विभाग आहे, त्यात हजारो फाइली आहेत, आणि त्यांत माणसाची एकही नाही. माणसे 'होम' नावाच्या नव्या विभागात राहतात. रहिवाशांची जागा प्रोग्रामांनी भरून जाणे आणि रहिवाशांनी दुसरीकडे घर करणे ही गोष्ट या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात घडून गेली आहे.

दुसरे प्रकरण त्याहून मनोरंजक आहे. युनिक्समध्ये ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती यादीत दिसत नाही. हा एखादा विचारपूर्वक केलेला नियम असावा असे वाटते. पण युनिक्सच्या त्या वर्तुळातले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितले की तो एका आळसाचा परिणाम आहे. प्रत्येक फोल्डरात 'हा फोल्डर' आणि 'याच्या वरचा फोल्डर' दाखवणाऱ्या दोन नोंदी असतात, एकीचे नाव एक टिंब, दुसरीचे दोन टिंबे. यादीत त्या दिसू नयेत म्हणून कोणीतरी लिहिले: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ती नोंद वगळ. नेमके नाव तपासण्याऐवजी पहिलेच अक्षर तपासले, म्हणून टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली. प्रोग्रामकर्त्यांना ही पळवाट सापडली आणि घराच्या माळ्यावर डझनांनी टिंबफाइली साठू लागल्या. पाइक यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की घाईत घेतलेल्या सोयीतून वाईट पायंडा पडतो आणि मग तोच नियम म्हणून मिरवतो. व्याकरणात ज्याला आपण रूढी म्हणतो तिचा जन्म अनेकदा असाच झालेला असतो. इतिहासाचा उपरोध असा की ज्या गो भाषेच्या निर्मात्यांत पाइक यांची गणना होते, ती भाषा २०१७ पासून वापरणाऱ्याच्या घरात 'गो' नावाचा फोल्डर, टिंबाचाही पडदा न घेता, स्वतःहून गृहीत धरते.

विंडोजची वाट निराळी. पूर्वी प्रोग्राम आपल्या फाइली आपल्याच बसवलेल्या जागी लिहीत असत. ते सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे होते, म्हणून व्हिस्टाने ती मोकळीक काढून घेतली. प्रोग्रामांच्या खासगी साठ्यासाठी 'अ‍ॅप-डेटा' हा स्वतंत्र, लपलेला विभाग होताच. पण अनेकांना त्याहून जवळची, हमखास लिहिता येणारी जागा दिसली ती 'डॉक्युमेंट्स'. गावठाणात बंदी झाली तेव्हा मंडळी शेजारच्या शेतात उतरली, असा हा प्रकार. त्या शेताला कुंपण नव्हते हे त्यांचे समर्थन.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००३ च्या सुमारास लिनक्सच्या जगात फ्रीडेस्कटॉप या मंचावर एक संहिता तयार झाली. तिने प्रोग्रामांच्या घरातल्या सामानाची वर्गवारी केली: मांडणीच्या आवडीनिवडी एका ठिकाणी, टिकवायचा साठा दुसऱ्या ठिकाणी, पुन्हा निर्माण करता येईल असा तात्पुरता साठा तिसऱ्या ठिकाणी. २०२१ मध्ये तिच्यात चौथा वर्ग आला, तो प्रोग्रामच्या चालू स्थितीच्या नोंदींचा. साहित्यप्रकारांची वर्गवारी शिकवणाऱ्यांना या कामाचे मोल सांगायला नको. वर्ग ठरले की कोणती वस्तू कुठे शोधावी, कोणती जपावी आणि कोणती बिनधास्त फेकावी हे कळते. पण संहिता ऐच्छिक होती. फायरफॉक्ससारख्या नावाजलेल्या प्रोग्रामकडे ती पाळण्याची मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली आणि ती दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिली. उबुंटूच्या स्नॅप या पद्धतीने घरात उघडपणे 'स्नॅप' नावाचा फोल्डर केला, तो हलवावा अशी तक्रार २०१६ मध्ये नोंदली गेली. तिला शेकडोंनी दुजोरा दिला. कारण उघड आहे. जागा बदलली तर जुन्या वापरणाऱ्यांचे काहीतरी मोडते, आणि न बदलली तर कोणाचेच ठळक नुकसान दिसत नाही. नुकसान लाखो माणसांत थोडेथोडे वाटलेले असते, म्हणून ते कोणाच्याच हिशेबात येत नाही.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा, असा की फोल्डर ही कल्पनाच जुनी झाली. आता कोणी मांडून ठेवत नाही, शोध घेतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही प्राध्यापकांचा अनुभव चर्चेत आला की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना 'फाइल कुठे ठेवली आहे' हा प्रश्नच समजत नाही. तेव्हापासून या आक्षेपाला बळ आले आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यापुरता तो मान्यही करता येईल. मराठीत लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे जे टंकले गेले ते बहुतांशी युनिकोडपूर्व फाँटांत. त्या फाइलींत डोळ्यांना 'तुकाराम' दिसले तरी यंत्राच्या लेखी तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. 'तुकाराम' असा शोध घेतला तर त्यांतली एकही फाइल सापडणार नाही. युनिकोडमध्ये आल्यावरही अडचण संपत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, शोधात मात्र एक दुसऱ्याला ओळखेलच असे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे आपले विकल्प आणि आपल्या चुका आणखी वेगळ्या. अशा स्थितीत फाइलीचे नाव, ती ज्या फोल्डरात आहे त्याचे नाव आणि शेजारी काय आहे, हीच मराठी अभ्यासकाची सूची आहे. तिच्यात परक्या वस्तू मिसळणे म्हणजे ग्रंथालयाच्या कार्डांच्या कपाटात वाण्याची बिले घालणे.

दुसरा आक्षेप असा की लपलेल्या फाइली दिसतच नाहीत, मग त्रास कसला? त्रास नकलेच्या वेळी होतो. अभ्यासक जेव्हा आपला फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेतो, मार्गदर्शकांना पाठवतो किंवा निवृत्तीच्या वेळी विभागाच्या स्वाधीन करतो, तेव्हा न दिसणारेही सोबत जाते. किंवा, ते न दिसल्यामुळे, जे जायला हवे तेच मागे राहते. लपवलेला पसारा हा आवरलेला पसारा नव्हे.

तिसरा आक्षेप आम्हाला खरोखर विचार करायला लावणारा वाटतो. काही प्रोग्राम आपला फोल्डर घरात उघडपणे ठेवतात तो वापरणाऱ्याच्याच हितासाठी. संदर्भग्रंथांच्या नोंदी ठेवणारे झोटेरो हे साधन आपल्यापैकी अनेक संशोधक वापरतात. पूर्वी त्याचा साठा फायरफॉक्सच्या अंतर्भागात खोल दडलेला असे. २०१७ च्या पाचव्या आवृत्तीपासून तो घरात 'झोटेरो' नावाच्या फोल्डरात दिसू लागला. पाच वर्षे जमवलेल्या नोंदी कुठे आहेत हे संशोधकाला कळावे आणि त्यांची प्रत करून ठेवता यावी, यात गैर काय? काहीच नाही. त्या नोंदी संशोधकाने केलेल्या आहेत. यावरून एक साधी कसोटी मिळते: हे कोणी लिहिले? माणसाने लिहिलेले, मुद्रित केलेले, जमवलेले असेल तर ते उघड्यावर, त्याला विचारून, त्याने सांगितलेल्या जागी असावे. प्रोग्रामने स्वतःसाठी लिहिलेले असेल तर ते प्रोग्रामच्या जागी असावे. खेळाडूने जपून ठेवलेला डावसुद्धा या कसोटीने खेळाडूचाच ठरतो. पण २०११ च्या स्कायरिमसारख्या खेळात 'माय गेम्स'खाली डाव आणि यंत्राच्या मांडणीच्या फाइली एकाच ठिकाणी येतात, तेव्हा लेखक आणि छापखाना यांचे कागद एकाच फायलीत लावल्यासारखे होते. काही छोट्या प्रोग्रामांची 'पोर्टेबल' आवृत्ती मिळते; ती आपले सारे सामान आपल्याच फोल्डरात ठेवते आणि फोल्डर पुसला की मागे खूण उरत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. या क्षेत्रात तो सद्गुण आहे.

या साऱ्यात पणाला काय लागले आहे, याकडे आता येऊ. जुन्या दप्तरखान्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ठाऊक आहे की कागद एकटा बोलत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणाच्या शेजारी, हे कळले तर त्यावरून कारकून, प्रसंग आणि कधीकधी काळही कळतो. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. त्याच १८९८ साली मुलर, फाइथ आणि फ्राउन या तीन डच अभिलेखपालांनी आपली नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. अभिलेख ज्या क्रमाने त्यांच्या निर्मात्याने लावले तो मूळ क्रम मोडू नये, हे तत्त्व तिच्यामुळे जगभर रुजले. क्रम हाही एक मजकूर आहे, असे त्यामागचे भान.

लेखकांचे संगणक आता अभिलेखागारांत येऊ लागले आहेत. सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे आली तेव्हा त्यांत त्यांचे जुने मॅकिंतॉश संगणकही होते. २०१० मध्ये तो संग्रह खुला झाला तेव्हा विद्यापीठाने त्यांतल्या एका यंत्राचे हुबेहूब प्रतिरूप अभ्यासकांसमोर ठेवले. लेखकाने फोल्डर कसे लावले, कशाला काय नाव दिले, कोणता खर्डा कशाशेजारी ठेवला, हे पाहता यावे हा हेतू. उद्या एखाद्या मराठी कादंबरीकाराचा संगणक असा आपल्या हाती आला तर आपण त्यात काय वाचू? एखादा रिकामा फोल्डर दिसला तर तो सोडून दिलेल्या संकल्पाची खूण आहे, की एखाद्या प्रोग्रामने न विचारता मांडलेले रिकामे ताट? एखाद्या फाइलीची तारीख लेखकाने पुन्हा हात लावल्याची आहे, की कोणत्या तरी आज्ञेने परस्पर बदललेली? हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत आपण लेखकाचा हात आणि नकलनविसाचा हात वेगळे करतो. इथे नकलनवीस अनेक आहेत, ते निनावी आहेत, आणि त्यांनी मालकाच्याच दौतीतून शाई घेतली आहे.

हे केवळ थोरांच्या बाबतीत नाही. शोधगंगेवर प्रबंधाची अंतिम प्रत जाते. तो कसा घडला, कोणते प्रकरण टाकून दिले, मार्गदर्शकांच्या कोणत्या शेऱ्यानंतर दिशा बदलली, हे सारे विद्यार्थ्याच्या फोल्डरातच राहते. ती जागा नकोशी झाली की माणूस ती सोडतो. पुष्कळांनी सोडलीही आहे. कोणी सारे काही डेस्कटॉपवर टाकतो. कोणी स्वतःलाच ईमेल पाठवून ठेवतो. कोणी 'डॉक्युमेंट्स'च्या आत 'माझे' किंवा 'काम' नावाचा एक फोल्डर करून त्यात राहू लागतो. हा शेवटचा उपाय व्यवहार्य आहे आणि आम्ही तो सुचवूही. पण तो काय सांगतो ते ऐकले पाहिजे. आपल्याच वाड्यात आपण एक खोली भाड्याने घेतल्यासारखे राहतो आहोत.

हे भाडे आता अलंकारिक राहिलेले नाही. वनड्राइव्हची सुविधा सुरू केली की 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या साठ्याशी जोडला जातो. त्यात फुकट मिळते ती जागा ५ जीबी. खेळांचे डाव, बैठकींची मुद्रणे, प्रोग्रामांचे साचे हे सारे त्याच ५ जीबीत मोजले जाते, आणि जागा संपली की अधिक जागेसाठी पैसे मागितले जातात. २०२४ मध्ये विंडोज ११ नव्याने बसवताना ही जोडणी न विचारताच सुरू होते असे दिसून आले, तेव्हा बरीच टीका झाली ती यामुळेच. परक्याच्या सामानाचे भाडे मालकाने भरायचे, असा हा उलटा कूळकायदा आहे.

घराच्या पाटीचीही तीच कथा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवा संगणक सुरू केला तर विंडोज बहुधा ईमेलच्या पत्त्याची पहिली पाच अक्षरे घेऊन घराच्या फोल्डरला नाव देते. पुढे ते बदलणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. पाटी देवनागरीत लावावी म्हटले तर रोमन लिपीबाहेरचे नाव असलेल्या घरात काही प्रोग्राम चालताना अडखळतात. म्हणजे न विचारता घरात यायचे, आणि मग घरमालकाचे नाव उच्चारता येत नाही म्हणून कुरकुर करायची.

मग बंदोबस्त करावा का? तोही करून झाला आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप सामायिक जागेत हवे ते ठेवत असे. २०१९ आणि २०२० च्या आवृत्त्यांनी अ‍ॅपांना आपापल्या हद्दीत राहणे हळूहळू सक्तीचे केले. वर्षानुवर्षे दर्शनी जागेत बसलेला व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डरही २०२१ च्या सुमारास नेमून दिलेल्या जागी गेला. ऐच्छिक संहितेला वीस वर्षांत जमले नाही ते सक्तीला दोन वर्षांत जमले. पण किंमत मोजावी लागली. ज्या हद्दींत अ‍ॅपांना बसवले त्यांपैकी काहींत खुद्द मालकालाही सहज जाता येईनासे झाले. आयफोनवर तर २०१७ पर्यंत फाइली पाहण्याची सर्वसाधारण सोयच नव्हती. घरच नाही, म्हणजे अतिक्रमणाचा प्रश्न नाही. आम्हाला हा तोडगा रोगाहून वाईट वाटतो. पसारा नको म्हणून दप्तरखान्याची किल्लीच दुसऱ्याच्या हाती देणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

आमची मागणी म्हणून माफक आहे. प्रोग्रामने माणसाच्या जागेत काही ठेवण्यापूर्वी विचारावे, आणि 'नको' हे उत्तर ऐकावे. स्वतःचे सामान स्वतःच्या जागी ठेवावे. ती जागा प्रत्येक प्रणालीत आज उपलब्ध आहे. काढून टाकले जाताना, आपण मांडलेले काय मागे राहते आहे ते सांगावे आणि आवरण्याची तयारी दाखवावी. विद्यापीठे आणि महाविद्यालये प्रोग्राम विकत घेतात तेव्हा किमतीची घासाघीस करतात. या तीन अटी घालायला त्यांना कोणी अडवलेले नाही.

आणि काही काम आपलेही आहे. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात आपण तळटीप कशी द्यावी हे शिकवतो, स्वल्पविराम कुठे यावा यावर गुण कापतो. त्याच वर्गात दोन तास आपल्या फाइलींची नावे कशी ठेवावीत, खर्ड्यांचा क्रम कसा राखावा, जुन्या फाँटांतले लेखन युनिकोडमध्ये कसे आणावे आणि आपल्या जागेतले आपले कोणते व परके कोणते हे कसे ओळखावे, यासाठी द्यायला हवेत. हे संगणक विभागाचे काम नाही. पाठ आणि प्रक्षेप वेगळे करणे ही आपली विद्या आहे. ती पाचशे वर्षांपूर्वीच्या पोथीवर चालवायची आणि स्वतःच्या प्रबंधाच्या फोल्डरावर नाही, याला काही कारण आम्हाला दिसत नाही.